हाटेलाचं कार्ड कधी घ्यायचं

पेण
८ फेब्रुवारी २०२५

सगुणे,

नमस्कार शेवटी लिहीन, कागद उरला तर.

काल तुझ्या सुनेचा फोन आला. माझे दोन्ही हात पापडाच्या पिठात, म्हणून फोन आमच्या ह्यांनी माझ्या कानाला धरलेला. नमिता म्हणते, "मावशी, सुजय एका हाटेलवाल्यांचं क्रेडिट कार्ड घेतोय. त्याच्यावर त्यांच्या हाटेलात दोन रात्री फुकट मिळतात. त्या आम्ही तुम्हा दोघींना द्यायचं ठरवलंय." मी म्हटलं, दोघी कोण? तर म्हणे तुम्ही आणि आमच्या आई, म्हणजे तू. माझं तोंड असं काय झालं की ह्यांना वाटलं कोण तरी गेलं. फोन धरल्या धरल्या विचारायला लागले, "कोण गो, कोण?"

मला पटलं नाय. आपण गडबच्या एका आळीतल्या. तुला रोह्याला दिली, मला पेणला, गाडीने तासाभराचं अंतर. एवढ्या वर्षांत आपण भेटलो कुठे ते सांग. लग्नात, बारशाला, तेराव्याला. तेही चुलीपाशी. तू काय सांगायला तोंड उघडलंस की कोण तरी मीठ मागतं. तुझे मालक वारले तेव्हा मी चार दिवस तुझ्याकडे व्हते, तेव्हाही धड बोलले नाय, नुसत्या भाकऱ्या थापल्या. आणि आता दोन अख्खे दिवस, दोघीच, सैपाक दुसऱ्याने केलेला. हे मला देवाने येऊन सांगितलं तरी मी विचारीन, बदल्यात काय पाहिजे?

तेच तुला विचारते. बदल्यात काय पाहिजे, आणि कार्ड कधी येणार? फोनवर विचारलं असतं, पण तुझी सून स्पीकर लावते आणि मध्येच "हो मावशी" म्हणते. म्हणून कागद. तू सातवी शिकलेली, मी चौथी. मला समजेल असं लिही. आणि लवकर लिही, मला थांबायची सवय नाय हे तुला म्हाईत हाय.

कागद संपला. नमस्कार राहिला.

रंभा


रोहा
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंभीस,

तुझा राहिलेला नमस्कार पोचला असं धरून चालते.

पाकीट हातात देताना नमिता म्हणाली, "मावशींनी एवढा डिंक लावलाय, आत नक्की माझ्याबद्दल काहीतरी आहे." होतंच. तिला वाचून दाखवलं. आता ती फोनवर "हो मावशी" म्हणणार नाही, "बरं मावशी" म्हणेल.

बदल्यात काय, ते मी सुजयला विचारलं. तो लेकीला, मनस्वीला, पाढे शिकवतो तसं त्याने मला समजावलं. ह्या हाटेलवाल्यांची हाटेलं गावोगाव आहेत. ते बँकेबरोबर मिळून कार्ड काढतात. कार्ड मिळालं की पहिल्या तीन महिन्यांत त्याच्यावर ठरलेला खर्च करायचा. किराणा घे, पंखा घे, काहीही घे, पण त्याच कार्डावर. तेवढा खर्च झाला की मग ते दोन रात्री देतात. त्या रात्री वर्षभरात वापरायच्या, नाहीतर गेल्या.

म्हणून सगळं कार्ड कधी मागायचं ह्याच्यावर आहे. लवकर मागितलं तर तीन महिने उगाच जातात, खर्च होत नाही, रात्री मिळत नाहीत. खर्च होऊन गेल्यावर मागितलं तर काय उपयोग? मोठा खर्च दारात आला की त्याच्या जरा आधी मागायचं. आमच्याकडे ह्या वर्षी तसा खर्च निघणार आहे. घरात थोडं सामान घ्यायचंय.

सुजयचं असं चाललंय की मार्चअखेर मागू, म्हणजे मे लागेपर्यंत रात्री हातात येतील. त्यांचं एक हाटेल अलिबागच्या बाजूला समुद्राला लागून आहे. पाऊस लागायच्या आत जाऊन येऊ. तू मे महिना मोकळा ठेव.

हैबतभावजींना सांग, कोणी गेलं नाही. आपण जाणार आहोत.

तुझी,
सगुणा


पेण
२५ फेब्रुवारी २०२५

सगुणे,

मे महिना मोकळा ठेव म्हणतेस. ऊन कधी असतं गो? आमचं पापडाचं ऊन म्हणजे तुमचा पगार. मे महिन्यात माझी गच्ची पापडांनी भरलेली, खाली मिरगुंडं, आणि मधल्या पायरीवर कावळे हाकायला हे. हे झोपतात आणि कावळे खातात. मी दोन दिवस हाटेलात गेले तर परत येऊन कावळ्यांना विचारावं लागेल, काय उरलंय का.

मग जून लागला की मी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला बसते. पेणच्या बाईला गणपती घराघरात बसेपर्यंत सवड नाय, हे तुला लग्नाआधीपासून म्हाईत हाय. तेव्हा कार्ड जूनअखेर मागा. खर्च तेव्हा करा. मी ऑक्टोबरात मोकळी. ऑक्टोबरात समुद्र कुठे पळून जात नाय.

दुसरं. सामान कसलं घेताय? फ्रिज तुम्ही दिवाळीला घेतला. कपाट घेतलं ते दारातून आत जात नव्हतं, खिडकी काढली तेव्हा गेलं, मी स्वतः बघितलंय. आता तुमच्या घरात आणखी सामान भरलं तर माणसं अंगणात झोपतील. तू मला फसवतेस. मला वाटतं तुम्ही वर मजला चढवताय. मला सांगत नाय कारण मी म्हणेन आधी खालची न्हाणी गळते ती बघा. चढवा हो. मी काय बोलणार नाय. न्हाणीचं मात्र बोलेन.

तिसरं, आणि हे महत्त्वाचं. फुकट राहायचं म्हणजे पाहुणे म्हणून जायचं. रिकाम्या हाताने मी कोणाच्या दारात जात नाय. त्या हाटेलमालकाच्या घरी माणसं किती ते सुजयला विचारून कळव. पोह्याचे पापड किती बांधू? त्याच्या बायकोला खण न्यायचा तर कुठल्या रंगाचा? आणि माणसं तळलेलं खातात ना ते विचार. नाय तर नेऊन पस्तावायचं.

हे म्हणतात, फुकट देतायत म्हणजे जेवताना काय तरी विकायला आणतील. मी म्हटलं, आणूदे, मी त्यांना पापड विकते.

नमस्काराला ह्या वेळेलाही जागा नाय.

रंभा


रोहा
६ मार्च २०२५

प्रिय रंभीस,

खणाचं वाचून नमिता जेवता जेवता उठून गेली. तिला ठसका लागला. अगं, मालक तिथे नसतोच. कोटातली पोरं असतात, ती नाव विचारतात आणि किल्ली देतात. मालकाची बायको कुठे राहते ते त्या पोरांनाही माहीत नसेल. पापड आणू नकोस. आणलेस तर माझ्यासाठी आण.

ऑक्टोबर नको गो. फार लांब पडतो. जूनच्या आत जाऊ या. पापडाचे दोन दिवस सोड. कावळ्यांकडे मी भावजींना चांगलं उठवून बसवायला सुजयला पाठवते. एवढं माझं ऐक. दर वेळेला तुझं ऊन, तुझे गणपती, तुझं वाळवण. एकदा माझं धर.

तशी आज उद्याच घाई करता येणार नाही. सुजय म्हणतो, घराचं कर्ज पास व्हायच्या आधी नवीन कार्ड मागितलं तर बँकेला वाटतं, ह्या माणसाला चहूकडून पैसे हवेत, आणि ते कर्जाला आडवे येतात. म्हणून कर्जाचा कागद हातात आला की दुसऱ्या दिवशी कार्डाचा अर्ज. मार्चचं एप्रिल होईल. पण मे संपायच्या आत रात्री मिळवू, काहीही करू. त्यातल्या त्यात लवकर मिळाव्यात म्हणून नमिता मोठी खरेदी सगळी पहिल्याच आठवड्यात करणार आहे.

न्हाणी गळायची थांबली. तुझ्या भीतीने असेल.

तुझी,
सगुणा


पेण
११ मार्च २०२५

सगुणे,

कुठलं घर?

तुमचं रोह्याचं घर तुझ्या सासऱ्याने बांधलं, त्याला कर्ज नाय. मजला चढवणारा माणूस घराचं कर्ज म्हणत नाय, मजल्याचं म्हणतो. पापड वाळत घातलेत, तेवढ्यात लिहिते.

सरळ लिही. कुठलं घर, कुठल्या गावात?

नमस्कार मुद्दाम लिहीत नाय.

रंभा


रोहा
२० मार्च २०२५

प्रिय रंभीस,

भरूचला. गुजरातेत. सुजयच्या कंपनीचा नवा प्लँट तिकडे निघालाय, त्याला मोठी जागा दिलीय. तिथे फ्लॅट घेतोय. मनस्वीची शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी जायचं. म्हणजे मीही. हे घर भाड्याने देणार.

मला माघात कळलं. तुला लिहायला बसायची आणि दुसरंच काही लिहायची. सांगितलं असतं तर तू सुजयला फोन करून झापलं असतंस. आणि त्याने ऐकलं असतं, एवढी त्याला तुझी भीती आहे. मग त्याची चांगली नोकरी माझ्यामुळे आणि तुझ्यामुळे राहिली असती. ते मला नको होतं. तेव्हा आता तरी फोन करू नकोस.

त्याने मला विचारलं, आई, जायच्या आधी तुला काय हवं? मी म्हटलं, रंभीबरोबर दोन दिवस. चुलीपासून लांब. कार्डाचं डोकं नमिताचं. सामान, गाद्या, ट्रकवाला, सगळा खर्च आत्ता निघणारच आहे, तर त्याच्यातून तुमच्या दोन रात्री निघतील असं तिने हिशोब लावून काढलं. म्हणून माझी जूनची घाई.

शिमग्याला कोपऱ्यावरच्या होळीत नारळ टाकला. भरूचलाही होळी असेल. पण तिथे मला गो म्हणणारं कोण असेल?

तुझी,
सगुणा


रोहा
१२ एप्रिल २०२५

रंभे,

पत्र लिहून तीन आठवडे होऊन गेले, उत्तर नाही. काल एस.टी.च्या पार्सलने पापडांचं पुडकं तेवढं आलं. आत एक अक्षर नाही. पुडकं पालथं करून, झटकून बघितलं. नमिताने पापड उजेडात धरला तर पलीकडची मनस्वी दिसली. इतके पातळ तू कधी लाटत नाहीस. म्हणजे लाटणं माझ्या नावाने चालवलंयस.

रागाव. पण एक तातडीचं आहे. कर्ज पास झालं. सुजयने कार्डाचा अर्ज फोनवर पूर्ण भरून ठेवलाय, शेवटचं बटण दाबायचं राहिलंय. नमिता त्याला म्हणाली, मावशींचं उत्तर आल्याशिवाय दाबायचं नाही. तो म्हणतो दोन रात्रींची योजना ह्या महिनाअखेरपर्यंतच आहे. नंतर मागितलं तर एकच रात्र देतात, आणि पुन्हा दोन कधी करतील त्याचा नेम नाही.

काय करू ते सांग. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण कागदावर दे.

सगुणा


पेण
१९ एप्रिल २०२५

सगुणे,

बटण दाबू नको.

आधी शिव्या. तू लबाड आहेस. शाळेतही अशीच. पाटी फुटली की आठ दिवस फडक्यात गुंडाळून ठेवायचीस आणि पाटी घरी आहे म्हणायचीस. झाल्या शिव्या. रागावले व्हते, आता नाय. सुजयला फोन नाय केला. दोनदा हातात घेतला, ह्यांनी काढून घेतला.

आता ऐक. पापड लाटताना माणसाचं तोंड मोकळं असतं नि डोकंही. तेवढ्यात मी सगळा विचार केलाय.

जूनपर्यंत तू रोह्यातच आहेस. मेमू गाडीत बसले तर तासाभरात मी तुझ्या दारात. त्याच्यासाठी हाटेल कशाला पाहिजे? आणि मे महिन्यात आपण तिकडे समुद्रावर गेलो तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. पहिल्या दिवशी तू रडशील, दुसऱ्या दिवशी मी. फुकटचं जेवण समोर आणि दोघींच्या घशाखाली उतरत नाय. कोटातली पोरं बघतायत. तसलं मला नको.

मग तू गेलीस की पुढे काय? मला भरूचला यायला कारण नाय. तुझ्या सुनेच्या नव्या घरात बोलावल्याशिवाय जाऊन बसणारी बाई मी नाय. आणि बोलावलंत तरी हे म्हणतील, एवढ्या लांब कशाला, फोन आहे की. पण समजा मी म्हटलं, अहो, हाटेलात रात्र मिळालीय, नाय गेलं तर वाया जाते. तर हे स्वतः मला पनवेलला नेऊन गाडीत बसवतील आणि पाण्याची बाटली आणून देतील. फुकटचं वाया गेलेलं ह्यांना सोसत नाय. एवढा संसार केला, तेवढं मला कळतं.

तेव्हा कार्ड तिकडे गेल्यावर मागा. गाद्या, कपाटं, पडदे, जे काय घ्यायचं ते तिकडे घ्या आणि त्या कार्डावर घाला. ट्रकात रोह्याची कपाटं भरू नका, ते एक कपाट तर खिडकीवाचून बाहेर येणारच नाय. त्यांची हाटेलं गावोगाव आहेत असं तूच लिहिलंस. मग भरूचला असेलच. नसलं तर जवळ असेल. समुद्र नसला तरी चालेल, समुद्र मी बघितलाय.

दोनाची एक झाली तर होऊदे. तू जवळ असताना दोन रात्री घेऊन मी काय करू? तू लांब गेलीस की मला एक पाहिजे.

मला थांबायची सवय नाय म्हणून तू हसशील. हस. पण ह्या वेळेला सुजयला सांग, रंभामावशी म्हणते थांब.

मे महिन्यात मी येते, तुझी भांडी बांधायला. कावळे काय खायचं ते खाऊदेत.

रंभा

मागच्या बाजूला जागा उरलीय पण आता नमस्कार बरा दिसत नाय.


भरूच
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय रंभीस,

आली. एकच, पण आली.

जुलैत बटण दाबलं. नमिताने मलाच दाबायला लावलं, म्हणाली तुमच्या मैत्रिणीने अडवलं होतं, तुम्हीच सोडा. मग गाद्या, दोन कपाटं, वॉशिंग मशीन, सगळं कार्डावर. दुकानदार विचारायचा, कॅश? नमिता म्हणायची, नाही, मावशी. त्याला काही कळायचं नाही. सुजय अजून म्हणतो की एप्रिलात दाबलं असतं तर दोन मिळाल्या असत्या. मी म्हणते, हो. एवढंच म्हणते.

हाटेल भरूचमध्येच आहे, आमच्या घरापासून रिक्षाने जवळ. नर्मदेच्या बाजूचं. आपलंच गाव असून हाटेलात राहायचं ह्याचं शेजारणीला फार हसू येतं. शेजारीण चांगली आहे, मला ढोकळा आणून देते. इथे मी सगुणाबेन आहे. सगळे मान देतात. दिवसभर कोणी माझं चुकलं म्हणत नाही, त्याने जीव कंटाळतो.

रात्र पुढच्या नोव्हेंबरपर्यंत वापरता येते. पण तू जानेवारीत ये, थंडी चांगली असते. तारीख कळव म्हणजे सुजय ती धरून ठेवेल. भावजींना सांग, वाया जाईल.

पापड आण. माझ्यासाठी.

तुझी,
सगुणा


पेण
२ फेब्रुवारी २०२६

सगुणे,

घरी पोचले. हे स्टेशनवर आले व्हते. पहिला प्रश्न, हाटेलवाल्यांनी काय विकलं? म्हटलं, काय नाय विकलं. तेव्हापासून त्यांना चैन नाय, कुठून तरी पैसे लावलेच असतील म्हणून सुजयला फोन करायच्या बेतात आहेत. त्याला सांगून ठेव.

तुझ्या घरी राहिले ते चार दिवस चांगले गेले. तुझी न्हाणी गळत नाय, त्यामुळे बोलायला काय मिळालं नाय. नमिता सुगरण झालीय पण भाकरी अजून कडेला जाड सोडते, हे तिला तू सांग, मी सांगितलं तर पाहुणी म्हणून "बरं मावशी" म्हणते आणि तशीच थापते.

आता हाटेलाचं. काउंटरवरची पोर पापड घेईना तेव्हा तू माझी पिशवी मागून ओढत व्हतीस, ते मला कळलं नाय असं समजू नको. मालक नसला तर नसूदे, कोणाच्या तरी छपराखाली झोपायचं ना? मी उभी राहिले ती राहिलेच. मग तिने घेतले. आणि सकाळी नाश्त्याला कोणाच्या टेबलावर पापड आले? आपल्याच. तेवढ्या मोठ्या जागेत आपल्याच. मऊ तळले व्हते, तेल तापलं नव्हतं, म्हणून मी आत जाऊन आचाऱ्याला सांगून आले. तो काय बोलला ते मला समजलं नाय, पण दुसरा घाणा कडक आला. तू तोवर तोंडाला पदर लावून बसलेलीस, जशी काय मला ओळखत नायस.

पण सगुणे, एक गोष्ट तू कोणाला सांगितली नसशील. मी पण ह्यांना नाय सांगितली.

वर्षभर आपण एवढी पत्रं लिहिली. कार्ड आत्ता मागा, नंतर मागा, कर्ज आधी, ट्रक आधी, दोनाची एक. कशासाठी, तर दोघींना निवांत बोलायला मिळावं. आणि त्या खोलीत गेल्यावर तू म्हणालीस जरा पाठ टेकते, मी म्हटलं मी पण टेकते. मग पोराने सकाळी दार वाजवलं, नाश्ता बंद होईल म्हणून. सगळी रात्र झोपलो गो. भांड्याचा आवाज नाय, कोण मीठ मागत नाय, पहाटे कोणाला डबा द्यायचा नाय. उठून बघते तर तुझा हात माझ्या उशीखाली, आणि तुझं तोंड उघडं. गडबला ओटीवर झोपायचो तेव्हा उघडायचं तसंच.

झोप चांगली झाली. तशी मला बाळंतपणानंतरसुद्धा कधी लागली नव्हती. पण बोलायचं राहिलं ते राहिलंच. चार दिवस तुझ्या घरी तू चुलीपाशी आणि मनस्वीचा अभ्यास मध्ये.

म्हणून नमिताला विचार. सुजयचं कार्ड झालं. तिच्या स्वतःच्या नावाने तिला कधी मागता येईल? पुढे काय मोठा खर्च निघतोय का तुमच्याकडे, मनस्वीची शाळा, नाय तर ती स्कूटर घ्यायची म्हणत व्हती ती. दोन रात्रींची योजना परत लागेपर्यंत थांबा म्हणावं, मी घाई करत नाय. पहिली रात्र झोपायला आणि दुसरी बोलायला.

घाई नाय. पण आजच विचार.

ह्या वेळेला कागद बराच उरलाय. नमस्कार नमिताला सांग, कार्ड तिचं हाय. तुला काय नमस्कार करायचा, आपण एका आळीतल्या.

रंभा